कललेला पाव

ट्विलाने खोक्याचं झाकण उघडलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आत पाव होता. छान होता, तीच तर रड होती. वरून गुळगुळीत, तांबूस, दोन्ही बाजू अगदी सारख्या, बेकरीच्या काचेत मांडावा असा. आणि काल दुपारी तिच्या भाचीने, लिनियाने, ओव्हनमधून काढलेला पाव असा नव्हता. तो उजवीकडे चांगला कलला होता, डाव्या कुशीला फुटला होता आणि जाळीवर ठेवताना पोरीच्या हातून निसटून त्याचा एक कोपरा चेपला होता. ट्विला तेव्हा तिथेच, स्वयंपाकघरात, दोन्ही हात खिशात घालून उभी होती. तिने तो पाव बघितला होता, पोरीचं तोंड बघितलं होतं, आणि तिला दोन्ही मनापासून आवडली होती.

काउंटीच्या जत्रेचा आदला दिवस. मुलांनी केलेल्या पदार्थांचं परीक्षण आज हॉलमध्ये होतं. बाहेर जुलैचं ऊन मी म्हणत होतं, गोठ्यांकडून डुकरांचा वास येत होता, आणि हॉलमधले मोठाले पंखे तो वास सगळ्यांना सारखा वाटून देत होते. ट्विला मुलांच्या क्लबची प्रमुख. प्रत्येक खोकं उघडायचं, आतल्या ताटलीला नावाची चिठ्ठी लावायची आणि पुढे सरकवायचं, एवढंच तिचं सकाळचं काम होतं. लिनिया मैत्रिणींबरोबर ससे बघायला गेली होती. खोकं तिच्या आईने, म्हणजे ट्विलाच्या धाकट्या बहिणीने, आणून ठेवलं होतं.

"जोलीन," ट्विला म्हणाली. आवाज खाली ठेवला, कारण टेबलापाशी आणखी आया होत्या आणि त्या सगळ्यांना कान होते. "जरा बाहेर ये."

"आत्ता? चिठ्ठी तरी लाव आधी."

"बाहेर ये म्हणते ना."

जोलीनने बहिणीचं तोंड बघितलं आणि काय ते ओळखलं. तरीही केस नीट करत, कुणाकुणाला हसून हात करत, सावकाश आली. हॉलच्या मागे लिंबू सरबताची गाडी अजून बंद होती. तिच्या आडोशाला दोघी उभ्या राहिल्या.

आता हे एका पावावरून एवढं काय, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. ज्याने लिनियाला बघितलं नाही त्याने म्हणावं.

नऊ वर्षांची पोर. हुशार, गोड, आणि चूक झाली की हातपाय गाळून बसणारी. एक अक्षर चुकलं की ही अख्खं पान फाडायची. चर्चमधल्या नाताळच्या कार्यक्रमात पियानोवर एक सूर चुकला, तर मध्येच उठून चालती झाली आणि पुन्हा म्हणून पियानोला हात लावला नाही. जोलीनने काय केलं? "जाऊ दे, तिला नाही आवडत," म्हणून पियानो विकून टाकला. पोहण्याच्या शर्यतीत शेवटून दुसरी आली, तर शर्यतीतून नाव काढलं. पोरीच्या वाटेतला एकेक दगड ही बाई आधीच उचलून ठेवायची, आणि वर पोरीला चालता येत नाही म्हणून उसासे टाकायची. ट्विलाला बघवत नसे. बोललं की भांडण व्हायचं, आणि न बोलणं ट्विलाच्या रक्तात नव्हतं.

वसंत ऋतूत क्लबच्या बैठकीत सगळ्या मुलांनी उभं राहून आपापलं ध्येय सांगायचं असतं. मुलं काय, सशाला सांभाळीन, कपाट रंगवीन, असलं काहीबाही सांगत होती. लिनिया उठली, बुटांकडे बघत म्हणाली, "मी पाव करीन. पिठापासून. कुणाचा हात न लागता."

मागून जोलीन लगेच म्हणाली, "मफिन कर बाळा, मफिन सोपे असतात."

"तिने पाव म्हटलंय," ट्विला म्हणाली.

त्यानंतरचे सगळे शनिवार ट्विलाने जोलीनच्या स्वयंपाकघरात घातले. शनिवारी जोलीन बियाण्यांच्या सोसायटीत कामाला जायची आणि तिचा नवरा कर्ट शेतावर असायचा, म्हणून जमलं. ट्विलाचे नियम दोनच. एक, मावशीचे हात खिशात. दुसरा, पाव कसाही होवो, तो टाकायचा नाही. कापायचा, लोणी लावायचं, दोघींनी टेबलाशी बसून खायचा, आणि काय झालं ते खाता खाता लिनियाने सांगायचं.

पहिल्या वेळी पोरीने यीस्टवर उकळतं पाणी ओतलं. पीठ फुगायचं नाव घेईना, पाव दगड झाला. लिनिया टेबलाखाली जाऊन रडली. ट्विला एकटीच खायला बसली, तर दाढेत भरलेलं सिमेंट निघून पावात रुतलं. ते बघायला म्हणून लिनिया टेबलाखालून बाहेर आली. "पाणी फार गरम होतं," ती नाक पुसत म्हणाली. पुढच्या खेपेला मीठच विसरली, आणि तो पाव ओल्या पुठ्ठ्यासारखा लागला. तेव्हाही रडली, पण टेबलाशी बसून. त्याच्या पुढचा वरून लालबुंद झाला आणि कापला तर आत कच्चा लगदा. ट्विला श्वास रोखून बसली होती. पोरीने त्या लगद्यात बोट खुपसलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाली, "आच जास्त होती. वरून झाल्यासारखा वाटला आणि मी फसले." डोळ्यांत टिपूस नाही. ट्विला कोंबड्यांना दाणे टाकायच्या निमित्ताने बाहेर गेली आणि तिथे तिने स्वतःचे डोळे पुसले. ती चालवायची त्या शाळेच्या बसमधल्या पोरांनी बघितलं असतं तर वर्षभर चिडवलं असतं.

म्हणून कालचा तो कललेला, फुटलेला, कोपरा चेपलेला पाव. आतून कसा आहे ते अजून कुणालाच माहीत नव्हतं, कारण परीक्षणाचा पाव कापायचा नसतो. पण लिनियाने त्याला खालून टिचकी मारून बघितली होती, पोकळ आवाज आला होता, आणि ती म्हणाली होती, "मावशी, हा शिजलाय." तेवढ्यात जोलीन कामावरून आली, पाव बघितला, "अगं बाई," म्हणाली आणि गप्प झाली. ट्विलाला तेव्हाच समजायला हवं होतं.

"हा पाव कुणाचा?" आता सरबताच्या गाडीमागे ट्विलाने विचारलं.

"लिनियाचा."

"जोलीन, मी शाळेची बस चालवते. बसभर पोरं रोज माझ्याशी खोटं बोलतात. तुझ्यापेक्षा बरं बोलतात."

जोलीनने इकडेतिकडे बघितलं. "बरं, केला मी. संध्याकाळी ती पोहायला गेली तेव्हा केला. काय बिघडलं? तू बघितला होतास ना तो? पांढरी फीत मिळाली असती, ट्विला. शेवटची. रीनाच्या मुलीला निळी, सगळ्या पोरींना निळ्या नाहीतर लाल, आणि माझी पोर पांढरी घेऊन उभी."

"मग राहिली असती उभी."

"तुला बोलायला काय जातंय. उशीत तोंड खुपसून तुझ्याकडे रडत नाही ती, माझ्याकडे रडते. तुला मूल असतं तर कळलं असतं."

हे हत्यार जोलीनने आधीही बऱ्याचदा काढलं होतं, आणि दर वेळी ट्विला गप्प बसली होती. आज नाही बसली.

"नाही मला मूल. म्हणून तर तुझ्या मुलीची तू काय माती करतेयस ते मला दिसतं. तुझ्या बैठकीच्या खोलीत भिंतभर जांभळ्या फिती आहेत, निळीच्याही वरच्या, जोलीन. लहानपणी जिंकल्यास, छान झालं. अजून किती हव्यात? आता पोरीच्या नावावर मिळवणार का?"

"माझ्यासाठी नाही केलं मी."

"तिच्यासाठी केलंस? तिने मागितला होता? तोंड उघडून एकदा तरी म्हणाली ती, आई, माझा पाव वाईट आहे, तू कर?"

"म्हणायला कशाला हवं. मी आई आहे."

"कुठे आहे तिचा पाव?"

जोलीन हॉलच्या दाराकडे बघू लागली.

"गाडीत आहे? दे किल्ली. अजून वेळ आहे."

"कोंबड्यांना घातला," जोलीन म्हणाली.

दगड झालेला पाव ट्विलाने दाढ घालवून खाल्ला होता. बिनमिठाचा खाल्ला होता. आणि एवढ्या खटाटोपानंतर पोरीने पहिल्यांदा नीट शिजवलेला पाव हिने कोंबड्यांपुढे टाकला होता.

"तिला काय सांगणार होतीस?" तिने विचारलं.

"काही नाही. खोक्यातून काढून टेबलावर ठेवायचा. मुलं बाहेर थांबतात, परीक्षक घास खातात, ताटलीवर फीत ठेवतात. ती बघेपर्यंत फीत लागलेली असेल. आनंदात कोण एवढं निरखून बघतंय?"

"मुलं बाहेर थांबत नाहीत," ट्विला म्हणाली. "ते तुझ्या वेळी. आता मूल परीक्षकासमोर बसतं. परीक्षक आधी मुलाशी बोलतात. ध्येय काय होतं, त्यासाठी काय केलंस, काय शिकलीस, सगळं विचारतात. बैठकीत मी हे घसा फोडून सांगत होते तेव्हा तू फोनमध्ये तोंड घालून बसली होतीस."

जोलीनचा चेहरा उतरला. आता कुठे तिला ते दिसलं. "मग तू सांग ना काहीतरी. तू प्रमुख आहेस. सांग की खोकं पडलं, किंवा..."

"अजून एक खोटं? आणि ते मी बोलू?" ट्विलाचा आवाज चढला. मग ती बोलतच सुटली. पियानो निघाला, पोहणं निघालं, आईच्या आजारपणात कोण किती आलं होतं तेही निघालं. जोलीननेही काही शिल्लक ठेवलं नाही. दोघी बहिणी भर उन्हात एकमेकींची लक्तरं काढत उभ्या होत्या, आणि तेवढ्यात कर्ण्यावरून लिनियाचं नाव पुकारलं गेलं.

ट्विला धावली. या वयात आणि या वजनात जितकं धावता येतं तितकं धावली. आधीच सरळ आत जाऊन खोकं मागे घेतलं असतं, पोरीला बाजूला घेऊन सांगितलं असतं, तर झालं असतं. पण तिने तो वेळ भांडणात घालवला होता, आणि हे तिला धावतानाच कळत होतं. त्याने तिचा राग कमी झाला नाही, उलट दुप्पट झाला.

लिनिया खुर्चीत बसली होती. क्लबचा पांढरा टीशर्ट, घट्ट वेणी, पाय जमिनीला टेकत नव्हते. समोर ओस्टरहाउसबाई. काउंटीतल्या सगळ्यांत कडक परीक्षक. पावाला खालून थोपटून, कानाशी धरून ऐकणाऱ्या. चिठ्ठी लावायच्या टेबलावरून कुणीतरी खोकं पुढे पाठवलं होतं, ते दोघींच्या मध्ये होतं, अजून बंद. आईबापांच्या खुर्च्या मागे होत्या आणि तिथे बसणाऱ्याने तोंड उघडायचं नाही असा नियम होता.

"ओस्टरहाउसबाई, एक मिनिट," ट्विला धापा टाकत म्हणाली.

बाईंनी मान वर न करता हात वर केला. "मूल बोलतंय, ट्विला. बस खाली."

आणि मूल खरंच बोलत होतं. ट्विलाने तिला परक्या माणसासमोर एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. पाणी गरम होतं ते सांगितलं, मीठ विसरलं ते सांगितलं, मावशीची दाढ सांगितली, त्यावर ओस्टरहाउसबाई चक्क हसल्या. "आणि हा आहे ना," लिनिया खोक्यावर हात ठेवून म्हणाली, "हा कललाय. कारण पीठ गुंडाळताना एका बाजूला मी सैल सोडलं. आणि बाजूला फुटलाय, कारण दुसऱ्यांदा फुगायला ठेवला तेव्हा मला धीर धरवला नाही, लवकर आत घातला. आणि कोपरा चेपलाय, तो माझ्या हातून पडला म्हणून. त्याचं कारण काही नाही, नुसता पडला. पुढच्या वेळी मी घट्ट गुंडाळीन आणि पूर्ण फुगेपर्यंत थांबीन."

"बघू तरी हा कललेला पाव," ओस्टरहाउसबाई म्हणाल्या आणि त्यांनी झाकण काढलं.

जोलीन ट्विलाच्या शेजारी येऊन बसली होती. ट्विलाने तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर हात उगारला गेला असता.

लिनियाने पावाकडे बघितलं. ताटली फिरवली. खाली वाकून तो चेपलेला कोपरा शोधला. मग तिने मागे वळून आईकडे बघितलं. जोलीन हसली. वाढदिवसाची भेट उघडणाऱ्या मुलाकडे बघून हसतात तशी, घाबरत घाबरत. लिनिया पुन्हा पुढे वळली.

"ह्याला काही झालेलं नाही," ती म्हणाली.

"हो ना," ओस्टरहाउसबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "पाव तर फार छान आहे."

"पण मग मी आत्ता जे सांगितलं..." लिनिया थांबली. तिचे कान लाल झाले होते. "ह्यात काही चुकलेलंच नाहीये. मग मी काय शिकले म्हणून सांगू?"

ओस्टरहाउसबाईंच्या हातात सुरी होती, ती त्यांनी खाली ठेवली. पाव उचलला, खालून थोपटला, परत ठेवला. मग मागच्या खुर्च्यांवरून नजर फिरवली.

"हा पाव कुणी केला?"

ट्विलाला सांगता आलं असतं. शब्द अगदी ओठांवर होते, सकाळपासून होते. पण तिने दात आवळून धरले. आज तरी हिने स्वतः बोलावं, एवढंच तिच्या मनात होतं. शेजारच्या टेबलावर रीना आपल्या मुलीच्या केकवरचा कागद सोडवत होती, तिचाही हात थांबला.

"मी," जोलीन म्हणाली.

"मग इकडे या. ज्याने केलं त्याने या खुर्चीत बसायचं." बाईंनी आपल्या बाजूची एक खुर्ची ओढली आणि लिनियाला आपल्या शेजारी बसवून घेतलं.

जोलीनला वाटलं असावं की बाई थट्टा करताहेत. ओस्टरहाउसबाईंनी जन्मात कधी थट्टा केली नव्हती. जोलीन उठली, पुढे गेली आणि लिनियाच्या खुर्चीत अंग चोरून बसली. समोर तिची मुलगी होती.

"तुमचं ध्येय काय होतं?" ओस्टरहाउसबाईंनी विचारलं. मुलांना विचारतात त्याच आवाजात.

"पाव चांगला व्हावा."

"तो तुमचा नेहमीच होतो. खरं सांगा."

"हिला पांढरी फीत मिळू नये."

"आणि त्यासाठी काय केलंत?"

"रात्रीच्या जेवणाआधी दुसरा केला. आणि तिचा..." जोलीनची नजर टेबलावर होती. "तिचा कोंबड्यांना घातला."

लिनिया खुर्चीवरून उतरली. ट्विला उठायला गेली, पोरगी आता धावत बाहेर जाणार, कुठल्या तरी टेबलाखाली शिरणार, आणि सगळे शनिवार पाण्यात जाणार असं तिला वाटलं. पण लिनिया कुठे गेली नाही. ती टेबलाला दोन्ही हात टेकून उभी राहिली, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते रडू नव्हतं. ट्विलाने तसा राग कधी तिच्या तोंडावर बघितला नव्हता, पण रोज सकाळी स्वतःच्या आरशात बघितला होता.

"मी तो आतून बघितलाच नव्हता," लिनिया म्हणाली. "आतून कसा झालाय ते मला बघायचं होतं."

"बाळा, आपण घरी जाऊन..."

"मला का नाही विचारलंस?"

"तू रडली असतीस, लिनिया."

"मग रडले असते," लिनिया म्हणाली. "आणि शनिवारी परत केला असता."

काय शिकलात, हा तिसरा प्रश्न ओस्टरहाउसबाईंनी विचारला नाही. त्यांनी खोक्याचं झाकण लावलं, खोकं जोलीनच्या हातात दिलं आणि पुढच्या मुलाचं नाव पुकारलं.